सोबतीचा दगड

१

तिघांनीच प्रवासाला निघायचं असलं, तर तुमच्याकडे काय करतात हो?

काही जण हसतील. म्हणतील, काय करायचं, दार लावायचं नि निघायचं. पण सुप्रभाच्या सासरी, इस्लामपूरला, तसं चालत नाही. तिघं बाहेर पडली की चौथा म्हणून एक दगड सोबत घ्यायचा. मुठीत मावेल एवढाच. पिशवीत टाकायचा आणि घरी परतलं की तुळशीपाशी ठेवायचा. का, ते कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

टोकियोत, निशी-कसाईला राहायला आल्यावरही सुप्रभाने हे मोडलं नव्हतं. घरात माणसं तीनच. ती, नवरा गुणवंत आणि तिसरीतली कश्मिरा. बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीत एक गुळगुळीत खडा होता. लांब कुठे जायचं असलं की तो तिच्या पर्समध्ये यायचा. गुणवंत चिडवायचा, "या चौथ्या मेंबरचा व्हिसा काढलायस ना?"

या वेळी मात्र ती खडा विसरली.

विसरणारच. ऑगस्टमधली ओबोनची, म्हणजे आपल्या पितृपक्षासारख्या सणाची, सुट्टी लागलेली, आणि गुणवंतने आयुष्यात पहिल्यांदा ट्रेलर भाड्याने आणलेला. म्हणजे गाडीच्या मागे हुकाला अडकवून ओढायची एक खोलीच. आत दोन बाक, उघडले की पलंग. इवलंसं बेसिन, पडदे लावलेल्या खिडक्या. ऑफिसातल्या धीरजने त्याच्या डोक्यात भरवलं होतं की लहान ट्रेलरला वेगळं लायसन्स लागत नाही. लायसन्स लागत नव्हतं हे खरं, पण रिव्हर्स घेताना स्टिअरिंग डावीकडे वळवलं की ट्रेलर उजवीकडे जायचा आणि गुणवंतला घाम फुटायचा. त्या ट्रेलरला तो "बिऱ्हाड" म्हणायला लागला होता.

उत्तरेकडच्या घाटात शिरल्यावर सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला.

"दगड घेतलास ना गं?"

"हो आई," सुप्रभा म्हणाली. फोन ठेवल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं. सासूबाईंशी ती सहसा खोटं बोलत नसे.

"अहो, जरा थांबवा ना कुठेतरी."

"दगडासाठी? अगं, मागे बिऱ्हाड आहे. वाटेल तिथे नाही थांबता येत."

तरी एका वळणावर मोकळी जागा दिसली तेव्हा त्याने गाडी घेतली. सुप्रभा उतरली. धुकं होतं. डोंगराची सगळी कड सिमेंटने लिंपलेली, वर जाळी मारलेली. हाताला लागेल असा एक सुटा दगड नाही. फक्त कोपऱ्यात गुडघ्याएवढी एक दगडी मूर्ती होती, गळ्यात तान्ह्या बाळाला बांधतात तसं लाल लाळेरं. आणि तिच्याशेजारी दगडांच्या लहान लहान चळती, एकावर एक, कुणी पोर खेळता खेळता उठून गेल्यासारख्या.

सुप्रभाने मूर्तीला नमस्कार केला आणि एका चळतीच्या अगदी वरचा दगड उचलला.

"दामे, आई!" कश्मिरा गाडीच्या खिडकीतून ओरडली. घरात मराठी कितीही बोला, पोरगी घाबरली की जपानीच बाहेर यायचं. "नको घेऊस. ते कुणीतरी ठेवलंय तिथे."

"एकच घेते गं. परत येताना इथेच ठेवू."

ट्रेलरचं दार उघडून तिने तो दगड नॅपकिनात गुंडाळला आणि बाकावर ठेवला, घरंगळू नये म्हणून उशीच्या आडोशाला. दार लावताना सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "चला हं आमच्याबरोबर."

२

घाट उतरल्यावर पायथ्याशी एक जुना पेट्रोल पंप लागला. ट्रेलर ओढायला लागल्यापासून गाडी पाण्यासारखं पेट्रोल पीत होती. गुणवंतने आधी लांबून पाहून घेतलं, आत शिरल्यावर वळून बाहेर पडता येईल ना. ट्रेलर मागे असला की पंप निवडताना हेच पाहावं लागतं.

जपानमधले असे जुने पंप सुप्रभाला फार आवडायचे. गाडीतून उतरायचंसुद्धा नाही. टोपी घातलेले एक म्हातारबा धावत आले, "ओराई, ओराई" करत दोन्ही हातांनी गाडी आत घेतली, टोपी काढून वाकले. दोन हजार येनचं पेट्रोल भरायला सांगितल्यावर त्यांनी नळी लावली आणि काचा पुसायला घेतल्या. आतला डॅशबोर्ड पुसायला एक ओलं फडकं खिडकीतून आत दिलं. सगळं कसं घरच्या पाहुण्याचं करावं तसं.

पुसता पुसता ते मागे ट्रेलरपर्यंत गेले आणि थांबले. परत आले ते जरा अवघडून. गुणवंतशी हळू आवाजात काहीतरी बोलले.

"काय म्हणतायत?" सुप्रभाने विचारलं.

"म्हणतायत, गाडी चालू असताना ट्रेलरमध्ये मुलांना बसवायचं नसतं. कायद्यात बसत नाही. धोक्याचं आहे." गुणवंतने मागच्या सीटकडे बोट केलं. "मुलगी इथेच आहे की हो."

म्हातारबांनी कश्मिराकडे पाहिलं. मग ट्रेलरच्या पुढच्या खिडकीकडे पाहिलं. मग हसले, मान डोलावली, आपलंच चुकलं असं दाखवत पुन्हा वाकले.

पैसे दिल्यावर त्यांनी खिशातून कागदात गुंडाळलेल्या गोळ्या काढल्या आणि सुप्रभाच्या तळहातावर ठेवल्या. चार.

मग ते रस्त्यात जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात पसरून येणाऱ्या गाड्या थांबवल्या, यांचं बिऱ्हाड सुखरूप बाहेर पडेपर्यंत. आरशात ते लांबवर वाकलेलेच दिसत होते.

"चार दिल्या," सुप्रभा म्हणाली.

"कशूला दोन दिल्या असतील. गोड पोरगी दिसली."

पटण्यासारखं होतं. सुप्रभाने ते पटवून घेतलं.

३

दुपारभर ते तलावाच्या काठाने फिरले. ऊन नव्हतंच, पाऊस भुरभुरत होता. मागून मधूनच टक् टक् असा आवाज यायचा. दोनदा टक् टक्, मग बराच वेळ काही नाही.

"शेगडीचं झाकण असेल," गुणवंत म्हणाला.

कश्मिरा सीटवर गुडघे टेकून मागे तोंड करून बसली होती. मागच्या काचेतून थेट ट्रेलरची पुढची खिडकी दिसते. ती दिसली की पोरीचं तोंड पुढे होईना. आणि पट्टा काढला की ही गाडी टिंग टिंग करत राहते. मागच्या सीटवर कुणी बिनपट्ट्याचं बसलं की गाडीला कळतं.

"कशू, पट्टा!" गुणवंत ओरडायचा. ती पट्टा लावायची, टिंग टिंग थांबायचं. पाच मिनिटांत पुन्हा सुरू.

"काय बघतेस एवढं?"

"नानिमो," ती म्हणाली. काही नाही.

तलावाकाठी जेवायला थांबले तेव्हा सुप्रभा डबा आणायला ट्रेलरमध्ये चढली. नॅपकिन बाकावर होता. घडी घातलेला. दगड मात्र पुढच्या खिडकीच्या कट्ट्यावर होता, आणि तिथला पडदा बाजूला सारलेला.

ती उभी राहून बघत राहिली. गाडी वळणावर हेलकावते, दगड घरंगळतो, हे बरोबर. पण बाक खाली आणि कट्टा तिच्या छातीएवढा वर. घरंगळणारी वस्तू वर कशी चढेल? मग तिला वाटलं, आपणच तिथे ठेवला असेल. घाईत होतो. नॅपकिनाची घडी घालायची तर आपल्याला सवयच आहे. माणूस दिवसातून किती गोष्टी नकळत करतो.

तिच्या मागून कश्मिरा आत आली आणि उरलेली चौथी गोळी तिने दगडाशेजारी ठेवली.

"ती कुणाला?"

"आजोबांनी चार दिल्या ना," कश्मिरा म्हणाली, जणू आई साधी बेरीज चुकली होती.

४

संध्याकाळी काटा खाली आला तेव्हा एका गावातला मोठा पंप मिळाला. हा सेल्फवाला. इथे आपणच उतरायचं, आपणच नळी लावायची. पण आतल्या काचेच्या केबिनमध्ये एक माणूस कॅमेऱ्यावर बघत बसलेला असतो. त्याने परवानगी दिल्याशिवाय नळीतून थेंब येत नाही.

गुणवंतने नळी टाकीत घातली, खटका दाबला. काही नाही. पुन्हा दाबला.

वरच्या स्पीकरमधून बाईचा आवाज आला, अतिशय नम्र. गुणवंतने मान वर करून ऐकलं आणि हसला. "म्हणते, पंपाजवळ मुलं सोडू नका. दोघींना गाडीत बसवा, मग सुरू करते."

"दोघींना?"

सुप्रभाने मागे वळून पाहिलं. कश्मिरा सीटवर झोपली होती. पट्टा लावलेला, तोंड उघडं, गालाला सीटचा वळ.

गुणवंतने कॅमेऱ्याकडे बघून एक बोट वर केलं, मग गाडीकडे दाखवलं. मुलगी एकच, ती आत आहे. पुन्हा खटका दाबला. पुन्हा तोच आवाज, तीच विनंती, या वेळी जास्त काळजीने.

"काय वेड लागलंय का हिला?"

शेवटी ती बाई स्वतः बाहेर आली. विशीतली होती, पळत आली, आल्या आल्या चारदा माफी मागितली. गाडीत डोकावून झोपलेल्या कश्मिराकडे पाहिलं. ट्रेलरभोवती एक फेरी मारली. मग आपल्या कंबरेपाशी हात आडवा धरून दाखवला, एवढी. आणि ट्रेलरच्या दाराकडे बोट केलं. दार उघडून उतरली, असं तिने हाताने करून दाखवलं.

दाराला कुलूप होतं. किल्ली सुप्रभाच्या पर्समध्ये.

तिने कुलूप काढलं आणि आत पाहिलं. कुणी नव्हतं. पुढच्या खिडकीच्या कट्ट्यावर दगड होता. त्याच्याशेजारी गोळीचा कागद होता, रिकामा. नीट चौकोनी घडी घातलेला.

ती पंपवाली केबिनमध्ये परत गेली. थोड्या वेळाने स्पीकरमधून पुन्हा आवाज आला, पण आता त्यात विनंती नव्हती. ती नुसतीच "सुमिमासेन, सुमिमासेन" म्हणत माफी मागत होती, आणि तिला रडू फुटल्यासारखं वाटत होतं. नळी कोरडीच राहिली.

५

"परत घाटात चला," सुप्रभा म्हणाली.

"काय?"

"दगड ठेवून येऊ. आत्ता."

"अगं, काटा बघ कुठे आलाय. वर जाऊन खाली यायलाच जेमतेम पुरेल. सुट्टीचे दिवस, सगळे पंप बंद होतायत. आणि कॅम्पची जागा बुक केलीय ती? एक कॅमेरा बिघडला म्हणून..."

"कॅमेरा बिघडला, मग ती स्वतः आली तेव्हा काय बिघडलं? आणि सकाळचे ते आजोबा? त्यांचं काय बिघडलं होतं?"

सुप्रभा कधी आवाज चढवत नसे. आताही चढवला नव्हता, पण ती दगड आणायला ट्रेलरकडे निघालीही होती. गुणवंतने गाडी वळवली.

वाटेत कश्मिरा जागी झाली. सुप्रभा मागच्या सीटवर तिच्याजवळ बसली होती. दगड ट्रेलरमध्ये ठेवायचा तिला धीर झाला नव्हता, आणि कश्मिराने तो तिच्या हातातून कधी काढून मांडीवर घेतला, ते कळलंसुद्धा नाही.

"दे बघू इकडे."

"नको. मी धरते. तिला आवडतं."

सुप्रभाला विचारायचं नव्हतं. तरी तिने विचारलं. "कुणाला गं?"

आईला कळावं म्हणून कश्मिरा मराठीत, शब्द शोधत म्हणाली, "तिला मागे एकटीला नाही बसायचं. तिला इथे बसायचंय. आपल्यात."

"आणि मग?"

"मी विचारलं, मग मी कुठे बसू. तर ती काही बोलतच नाही."

सुप्रभाने तिला घट्ट जवळ ओढलं. पोरगी गरम होती, केसांना शाम्पूचा वास येत होता. पुढे गुणवंतने वेग वाढवला. म्हातारबांचा पंप ओलांडला तेव्हा तिथे साखळी लावलेली होती, दिवे बंद. मागून टक् टक् आवाज आता येत नव्हता. त्याचंच तिला जास्त भय वाटलं.

६

वळणावर पोचले तेव्हा उजेड विझत आला होता आणि धुकं रस्त्यावर उतरलं होतं. ती जागा आता उलट्या बाजूला होती. गुणवंतने आडवं वळण घेतलं, पण बिऱ्हाड पूर्ण आत येईना. शेपूट रस्त्यातच राहिलं.

"लवकर ठेवा नि या!"

सुप्रभाने कश्मिराला पिवळा रेनकोट घातला, डोक्यावर टोपी ओढली, हात धरून उतरवलं. दगड पोरीच्याच हातात होता. मूर्ती समोरच होती, अंगणाच्या टोकाला तुळस असावी तेवढ्या अंतरावर.

तेवढ्यात घाटाच्या वरच्या अंगाने ट्रकचा भोंगा ऐकू आला.

"सुप्रभा! मागे जा गं! त्याला दाखव, आपलं शेपूट बाहेर आहे!"

"कशू, इथेच थांब. हलू नकोस."

ती धावत ट्रेलरच्या मागे गेली, मोबाइलचा उजेड डोक्यावर धरून हलवत राहिली. ट्रक अंगावर येतो की काय असं वाटलं, मग कण्हत, कचकचत बाजूने निघून गेला. तिची पाठ वळलेली होती ती तेवढाच वेळ.

वळून पाहिलं तर धुक्यातून पिवळा रेनकोट तिच्याकडे चालत येत होता. हात मोकळे.

"ठेवलास?"

मान हलली.

"होता तिथेच? वर?"

मान हलली.

सुप्रभाचा जीव भांड्यात पडला. तिने पोरीला मागच्या सीटवर चढवलं, दार लावलं आणि स्वतः पुढे बसली. गुणवंतने घामाने निथळत, पुढेमागे करत गाडी रस्त्याला लावली. निघताना सुप्रभाची नजर बाहेरच्या आरशात गेली. ट्रेलर ओढताना लावतात तो लांब दांड्याचा आरसा. मागच्या दिव्यांच्या तांबूस उजेडात मूर्ती दिसत होती, दगडांच्या चळती दिसत होत्या, आणि त्यांच्याजवळ पिवळं काहीतरी होतं. लहानसं. एक हात वर केल्यासारखं.

मूर्तीचं लाळेरं, तिने स्वतःला सांगितलं.

गाडी वळण उतरली. पुढचं वळणही उतरली. तेव्हा तिला आठवलं की लाळेरं लाल होतं.

तिने झटकन मागे पाहिलं. कश्मिरा मधोमध बसली होती, तोंड सरळ पुढे, हात गुडघ्यांवर, टोपी अजून डोक्यावर. आहे की. समोर बसली आहे. समोर दिसणारी मुलगी सोडून धुक्यातल्या रंगांवर कशाला विश्वास ठेवायचा?

"कशू, पट्टा लाव गं."

तिने लावला नाही.

आणि गाडी गप्प होती. टिंग टिंग नाही, दिवा नाही, काही नाही.

"सेन्सर गेला वाटतं दमटपणाने," गुणवंत म्हणाला. त्याचा आवाज थकलेला होता आणि सुटल्यासारखाही. काट्याखालचा पेट्रोलचा दिवा लागला होता. म्हातारबांच्या पंपाच्या अलीकडे ट्रकवाले थांबतात त्या आवारात त्याने गाडी उभी केली. पंप उघडेपर्यंत तिथेच. सुप्रभाने डब्यातला दहीभात कश्मिरापुढे धरला. तिने खाल्ला नाही. दमली असेल, सुप्रभा म्हणाली. दमली असेल, गुणवंतही म्हणाला.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं होतं. म्हातारबांनी साखळी काढली, त्यांना ओळखलं, धावत येऊन "ओराई, ओराई" करत गाडी आत घेतली. टाकी फुल केली. ट्रेलरच्या पुढच्या खिडकीकडे बघून समाधानाने मान डोलावली, आज आत कुणी नाही म्हणून. मग गाडीच्या काचा पुसल्या. मागच्या दाराची काच पुसताना ते अगदी जवळ वाकले. कश्मिरा त्या काचेला गाल लावून बसली होती, आणि ते तिच्या चेहऱ्यावरून फडकं फिरवत तिच्यापलीकडच्या रिकाम्या सीटवर नजर टाकून पुढे सरकले. खिडकीशी येऊन त्यांनी खिशात हात घातला आणि सुप्रभाच्या तळहातावर गोळ्या ठेवल्या. दोन. मग त्यांनी मागच्या सीटकडे बोट करून, मुलगी कुठे राहिली अशा खुणेने, हसून काहीतरी विचारलं. गुणवंतने ते तिला मराठीत सांगितलं नाही.

सुप्रभा दार उघडून उतरली आणि घाटाच्या रस्त्याने धावत सुटली. काय झालंय ते म्हातारबांना कळलं नव्हतं. तरी ते तिच्यापुढे रस्त्यात पळाले आणि दोन्ही हात पसरून त्यांनी येणाऱ्या सगळ्या गाड्या थांबवल्या.